केळ्याच्या वासाचा रंग

उदगीरच्या भुसार गल्लीत ईश्वरप्पा आणि मडिवाळप्पा या दोघा भावांचं किराणा दुकान होतं. दुकान म्हणायला दोघांचं, पण गादीवर बसायचा थोरला ईश्वरप्पा. त्याला सगळी गल्ली अण्णा म्हणायची. धाकटा मडिवाळप्पा पुड्या बांधायचा. पण त्या पुड्या अशा की घरी नेऊन सोडायला गिऱ्हाईक कचरायचं. चारी कोपरे सारखे, दोरा एकेरी, गाठ कुठं मारली ते दिसायचं नाही. जे काय होतं ते त्या माणसाच्या बोटांत होतं. बाकी बोलायला भिडस्त, चालायला हळू आणि भांडायला अगदीच बिनकामाचा.

त्या बोटांना नाद लागला इंजनाचा.

विकाराबादेहून परळीला जाणारी गाडी उदगिरावरून जायची. दुकानाचा माल सोडवायला मडिवाळप्पा स्टेशनावर गेला की माल राहायचा बाजूला आणि हा वाकून इंजनाची चाकं बघत उभा. घरी येऊन तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, बाभळीच्या तुकड्याला कानस मारायचा. दोन वर्षं मोडतोड करून त्यानं वीतभर लांब इंजन उभं केलं. चाकं फिरायची. आत कोळसा टाकणारा माणूस फावडं घेऊन उभा, आणि ते फावडं जवसाच्या दाण्याएवढं.

बायको शिवकांता बघून म्हणाली, "आवं, हे तर शिट्टी बी मारंल."

"मारंल की. पन रंग कुठनं आणू? कुंचल्यानं मारला की ओरखडे दिसून राहिलेत. खऱ्या इंजनावर कुठं ओरखडे हायेत?"

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली सन तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसच्या आसपासची. जहागीरदाराची मोटार चालवणारा मदारसाब तंबाखू घ्यायला दुकानात यायचा. त्यानं इंजन हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "अरे मडिवाळप्पा, इसको मोटार का रंग होना! ब्रश नको लगा. फवारा मार, फवारा. आईने के सरका चमकता."

पुढच्या खेपेला त्यानं हैदराबादेतल्या मोटारी रंगवायच्या जागेवरून उरल्यासुरल्या रंगाचे डबे आणि तो रंग पातळ करायच्या पाण्याची मोठी बाटली आणून दिली. डाकबंगल्याच्या खानसाम्याकडून मच्छरांवर औषध मारायचा पत्र्याचा पंप मिळाला. दांडा मागंपुढं केला की तोंडातून धुक्यासारखा रंग उडायचा.

बाटलीचं बूच काढलं आणि सगळ्या घरात पिकल्या केळ्यांचा वास सुटला. असा गोड, की शेजारीण भिंतीवरनं ओरडली, "शिवकांता, घडच्या घड आणलाव वाटतं! एकटेच खाऊन राहिलाव का गं?"

शिवकांताला पण तो वास पहिल्या दिवशी आवडला. पुढं जन्मभर तिनं केळं तोंडाला लावलं नाही.

पुढं दुकान, मागं घर; काम चालायचं घराच्या मागच्या खोलीत. खोलीला एक खिडकी, आणि ती उघडायची तुरीच्या अंगणात. त्या अंगणात दिवस उगवल्यापासून दहा बाया दुकानाच्या डाळीसाठी जात्यावर तूर भरडायच्या आणि सुपानं पाखडायच्या. चुणी आणि भुसा असा उडायचा की वाळत घातलेलं धोतर चार घटकांत पिवळं. पहिल्या खेपेला मडिवाळप्पानं खिडकी उघडी ठेवूनच रंग मारला. तासाभरानं बघतो तर काळ्याभोर इंजनावर बारीक बारीक पुटकुळ्या. प्रत्येक पुटकुळीच्या पोटात तुरीचं एक टरफल.

"देवी आल्या की वं तुमच्या इंजनाला," शिवकांता हसली.

तो नाही हसला. रंग खरवडून काढला, खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराच्या बुडाला ओलं गोणपाट सारलं. मुंगीला आत शिरायला जागा ठेवली नाही, तिथं वारं कुठनं शिरणार? आत दोन घंटे तो आणि तो फवारा.

बाहेर आला तो हसत आला. पाय एकीकडं, धड एकीकडं. त्याची आई गंगम्मा सोप्यात वाती वळत होती. तिनं वाती टाकल्या. "मडिवाळ, शिंदी पिलास का रं? गळ्यात लिंग हाय तुझ्या!"

"न्हाई गं अव्वा."

"आ कर." म्हातारीनं त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि चमकली. "आँ? ह्याच्या तोंडाला तर केळ्याचा वास!"

"मंग केळ्याची शिंदी आसंल," अण्णा गादीवरनं म्हणाला. गिऱ्हाईकं हसली.

इंजन मात्र आरशासारखं झालं. अण्णानं ते दुकानात गुळाच्या ढेपीवर मांडलं. लोक इंजन बघायला यायचे आणि जाताना मीठ-मिरची घेऊन जायचे. तहसीलचा चपराशी आला, त्यानं कचेरीत सांगितलं. आठ दिवसांत खुद्द तहसीलदारसाहेबाचा टांगा दुकानापुढं उभा राहिला. साहेबानं इंजन बोटानं ढकललं, चाकं फिरली, साहेब खूष. बिदरहून अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, दौऱ्यावर येणार होते. त्यांना नजर करायला अख्खी गाडी पाहिजे. इंजन, सात डबे, स्टेशन, सिग्नल, सगळं.

मडिवाळप्पा पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"हाव म्हन की रं," अण्णा दात दाबून पुटपुटला.

"हाव," मडिवाळप्पा म्हणाला.

कचेरीला नाही म्हणायचा रिवाज आमच्या मुलखात नव्हता. झालं, नादाची वेठ झाली. एका डब्याला रंगाचे चार हात, ते वाळले की काचकागद, मग वरून दोन हात चकाकीचे. मडिवाळप्पा सकाळी दुकान झाडायचा आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा.

दिवाळीनंतर शिवकांताच्या ध्यानात येऊ लागलं. आधी डोकं दुखायचं. मग जेवणात चव लागेना. मग जिरं मागितलं तर मोहरीची पुडी, आणि पुडीची गाठ ढिली. गिऱ्हाईक म्हणायचं, "मडिवाळप्पा, बोटं गहाण टाकली का काय?" मग खोकला. आधी कोरडा, पुढं खोल. पौषात तर छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पाण्याची घागर उचलून चार पावलं टाकली की हा उंबऱ्याला धरून उभा.

दोन दिवस घराच्या बाहेर काढला की बरा व्हायचा. संक्रांतीला कमालनगरच्या पाहुण्याकडं तीन रोज राहिला, तर शिट्टी बंद. परत येऊन खोलीत शिरला, शिट्टी चालू. शिवकांताला आणखी कुणी सांगायची गरज नव्हती.

अण्णानं हकीमसाबाला बोलावलं. हकीम म्हातारा, पण नाक तिखट. नाडी बघितली, छातीला कान लावला आणि विचारलं, "काम किधर करते?" मडिवाळप्पानं खोलीकडं बोट केलं. हकीमानं दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि फडक्यानं तोंड दाबत तसाच मागं फिरला. दोनदा खोकला. मग अण्णाला म्हणाला, "देखो सेठ, दवा तो देतौं. मगर कमरे की हवा बदलना होना. रोज. नै तो सीना जाता."

अण्णा मान हलवत राहिला. अण्णाच्या उर्दूबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ती दुकानापुरती होती. तूर, तेल, तंबाखू, उधार, नगद, सलाम. त्यापलीकडं जे ऐकू येईल त्याला तो मराठीची टोपी घालायचा आणि वर छाती काढून सांगायचा, की कचेरीत माझ्यावानी उर्दू कुणाला येत न्हाई.

हकीम गेला. अण्णा सोप्यात येऊन बसला.

"काय म्हनला रं?" गंगम्मानं विचारलं.

"कमरेत हवा धरलीय म्हन्तो. ती बदलाय पायजे. मंग शीण जातो."

"मी म्हनलंच होतं!" म्हातारीनं मांडीवर थाप मारली. "वातच हाय. बसून बसून कमरेत वारं शिरलं."

दाराआड शिवकांता उभी होती. तिचं माहेर बिदरचं, घराच्या दोन्ही अंगाला मुसलमानांची घरं. लहानपणी ती मराठीच्या बरोबरीनं दखनी बोलायची. हकीमाचं अक्षर अन् अक्षर तिला कळलं होतं. कमरा म्हणजे खोली, आणि सीना म्हणजे छाती. पण थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नसतं. ती दारातच दाताखाली पदर धरून राहिली.

इलाज त्याच दिवशी सुरू झाला. मडिवाळप्पाच्या कमरेला गरम एरंडेल चोळलं, वर एरंडाची पानं बांधली, पानांवर तापलेल्या विटेचा शेक. आणि वाताच्या माणसाला वारं लागू द्यायचं नसतं, हे तर कुणीही सांगेल. म्हणून अण्णानं गडी लावून त्या खोलीच्या खिडकीच्या सगळ्या फटी शेणमातीनं लिंपून घेतल्या. चिंध्यांतून जो काय श्वास जात-येत होता तोही बंद.

"अव्वा," शिवकांता सासूला चुलीपाशी म्हणाली, "कमरा म्हंजी खोली वं. खोलीची हवा म्हनला हकीम."

"तू गप. अण्णा तीस वर्सं मुसलमान गिऱ्हाईक करून राहिला, आन् तू मला उर्दू शिकव."

दोन दिवस ती गप बसली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ताट वाढलं तर घास तोंडात आणि श्वास नाकात, दोन्ही एकदम जमेना. घास ताटात परत पडला. तेव्हा ती उठली, सोप्यात गेली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा थोरल्या दिराशी बोलली.

"अण्णा, हकीमानं खोलीची हवा बदलाया सांगितली. कमरेची न्हाई."

अण्णा म्हणाला, "खोलीची? का, खोलीला खोकला झालाय?"

गंगम्मा हसली. दारातला गडी हसला. खुद्द मडिवाळप्पा सुद्धा हसला, आणि हसता हसता त्याला अशी उबळ आली की डोळे पांढरे झाले. मग कुणी हसलं नाही. पण शिवकांताचं म्हणणंही कुणी पुन्हा काढलं नाही.

दुपारी एकटा सापडला तेव्हा तिनं नवऱ्याला धरलं. "तुमाला तर कळलं आसंल की वं. तुमी समोरच व्हताव."

"कळलं," तो म्हणाला. "कमराच म्हनला त्यो."

"मंग बोललाव कामून न्हाई?"

"बोलून? अण्णाला खोटा पाडला तरी चुणी काय उडायची ऱ्हाती? खिडकी उघडून मी काय करू? सांग. मला बी जीव हाय."

तेव्हा तिला कळलं की माणूस येडा नाही, अडकलाय. आणि अडकलेल्याला सोडवायचं तर गाठ कुठं हाय ते बघाय पाहिजे. ती गाठ बघू लागली.

"मळ्यात जाऊन मारा. न्हाईतर रातच्याला, तवा सुपं बंद असत्यात."

"मळ्यात वारं फवारा उचलून न्हेतंय. डबा ऱ्हाईल कोरा आन् तूर व्हईल काळी. रातच्याला कंदील लावला तर ह्यो रंग भडका घेतोय."

"पावसाळ्यात मारा. तवा चुणी नसती."

"पावसाळ्यात रंग वाळताना पांढरा पडतोय. बुरशीवानी. गेल्या श्रावणात बघितलं न्हाईस? आन् साहेब का पावसाळ्यापस्तोर थांबतोय?"

ती मदारसाबाशी दाराआडून बोलली. हैदराबादेत मोटारी रंगवणारे कसे जगतात, विचारलं. मदारसाब म्हणाला, "उधर दोनो बाजू से खुला शेड है, भाभी. पीछे बिजली का पंखा रैता. सारा धुवाँ बाहर फेंकता. रंगनेवाला मूं पे कपडा बाँधता."

"आन् इथं?"

मदारसाबानं उदगिराकडं एकदा नजर फिरवली. बिजलीचा खांब कुठं दिसतो का बघावं तशी. "इधर तो अल्ला है," तो म्हणाला.

ती अंगणातल्या पाखडणाऱ्या बायांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांतली थोरली म्हणाली, "माय, आमी भाकर खाया बसतोव तवा सूप बंद असतंय. तेवढ्यात उरकून घ्या म्हनावं." बाया खरंच चांगल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी भाकर सावकाश खाल्ली. पण सूप थांबलं म्हणून चुणी थोडीच थांबते? ती आपली उन्हात तरंगत राहिली, आणि ती खाली बसेपर्यंत बायांनी तोंडं धुऊन सुपं उचलली.

शेवटी शिवकांताला वाटलं, आपल्याला इलाज सापडला. एका सकाळी अण्णा बाजाराला गेला होता. तिनं विळ्यानं खिडकीची शेणमाती फोडली, खिडकी सताड उघडली आणि आपलं जुनं विरलेलं लुगडं पाण्यात पिळून तिच्यावर ताणून बांधलं. वारं आत यायचं, चुणी ओल्या लुगड्याला चिकटून बाहेरच राहायची. खोलीत उजेड आला. मडिवाळप्पानं आत जाऊन छाती भरून श्वास घेतला आणि बायकोकडं असं बघितलं, की तिनं मान खाली घातली.

"डोकं हाय तुला," तो म्हणाला.

त्यानं चार डबे मांडले, शेवटचा हात मारायला घेतला. घटकाभर सगळं बेस चाललं. शिवकांता दारात सूप घेऊन उभी, आतला वास बाहेर हाणायला. तेवढ्यात अंगणातून एक वावटळ आली. लुगडं फुगलं, सपकन मागं आलं आणि शिंतोडे उडाले. पाण्याचे बारीक थेंब चारी डब्यांवर. ओल्या रंगात जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं पांढरा डाग उमटला. कोडासारखा.

मडिवाळप्पानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं लुगडं सोडून तिच्या हातात दिलं, खिडकी लावली आणि काचकागद घेऊन बसला. चारी डबे पत्र्यापर्यंत घासले. तालुकदारसाहेब यायला नऊ रोज उरले होते. जे काम सहा दिवसांचं होतं ते त्यानं पुन्हा पहिल्यापासून केलं, बंद खोलीत, दुप्पट फवारा मारून. म्हणजे तिनं त्याला वाचवायला जी खिडकी उघडली, तिच्यापायी तो आणखी चार डब्यांचं धुकं प्यायला. हे शिवकांतानं कुणाला सांगितलं नाही. पण ती पाणी शेंदताना मध्येच थांबायची, दोर हातात तसाच आणि बादली आडात लटकत राहायची.

गाडी वेळेवर झाली. कापसात गुंडाळून पाटीत घालून कचेरीत नेली. अण्णा पुढं, मडिवाळप्पा मागं, दर दहा पावलांना भिंतीला टेकत. तालुकदारसाहेबानं जमिनीवर बसून गाडी चालवली म्हणतात. शाबासकी दिली. अण्णानं ती उर्दूत घेतली आणि घरी येऊन आपल्या उर्दूत सगळ्यांना सांगितली.

रंगाचा वास उतरला. शिवकांतानं मागची खोली उघडून टाकली, सारवली. दवा चालू होती, कमरेचं एरंडेलही चालू होतं. पण या खेपेला शिट्टी बंद झाली नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना मडिवाळप्पा दुसरीवर बसायचा. पुडी बांधताना फुंकर मारून कागद उघडायचा असतो, ती फुंकर त्याच्या तोंडातून निघेना. कागद बोटानं उकलायचा, एकेक.

होळीच्या अलीकडं चपराशी आला. तालुकदारसाहेबाच्या मेहुण्याला हैदराबादेत तशीच गाडी पाहिजे होती. पाडव्याच्या आत.

अण्णा गादीवर होता. त्यानं चपराश्याला पान दिलं, "जी, जी" म्हणाला, आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ तराजूचं एक पारडं बोटानं खालीवर करत बसला. मग उठून आत आला. शिवकांता निवडत बसली होती. थोरला दीर असा चुलीपर्यंत कधी आला नव्हता. ती पदर सारखा करत उभी राहिली.

"पोरी," अण्णा म्हणाला, "तू म्हन्तीस ते आसंल बी. खोलीचंच आसंल. मी ती खिडकी फोडून भोक करतो, तू म्हन्शील तसं. पन कचेरीला न्हाई कसं म्हनू? तूच सांग मला."

खिडकी फोडून काही होणार नाही हे आता तिला त्याच्याहून जास्त कळत होतं.

डबे मडिवाळप्पानं बसल्या बसल्या केले. पत्रा कापायला, कथलाचा डाक लावून सांधायला श्वास लागत नाही. चाकं फिरू लागली. रंगाची पाळी आली. त्यानं खोलीत जाऊन पंप उचलला, दांडा सहा वेळा मागंपुढं केला आणि खाली बसला. सातव्यांदा हात उठेना. शिवकांतानं त्याला काखेत धरून बाहेर आणलं, अंगणाच्या पायरीवर टेकवलं आणि तोंडावर पाणी मारलं.

"येळ हाय अजून," तो म्हणाला. "दम खातो आन् जातो."

"बसा हितंच."

"अगं, रंग डब्यात वाळून जाईल."

तिनं पदर नाकावरून घेऊन मागं गाठ मारली. खोलीत गेली, दार ओढून घेतलं. आत गोड, जड वास. डोळ्यांतून पाणी. इंजन मध्ये पाटावर होतं, बिनरंगाचं, पत्र्याच्या अंगानं चकाकत. तिनं पंप उचलला. पहिला फवारा सगळा भिंतीवर गेला.

"दूर धर!" बाहेरून त्याचा आवाज आला. आवाजानं त्याला ओळखू येत होतं, फवारा कुठं पडतोय ते. "एका जागी मारू नको. हात हालता ठेव. हां. आसं."

तिनं श्वास कोंडून धरला आणि मारत राहिली. काळा रंग बसू लागला, एकसारखा, ओरखडा नसलेला. श्वास संपला तेव्हा ती दाराकडं धावली आणि बोटभर दार उघडून तोंड बाहेर काढलं.

"दार लाव गं," मडिवाळप्पा पायरीवरनं म्हणाला. बोलताना त्याची छाती वाजत होती. "चुणी उडून राहिलीय."

तिनं दार लावून घेतलं.